गरम कागद

मी अंगठा जिभेवर ओला केला आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत कागदावरून जोरात ओढला. ‘पाणी’ हा शब्द फरफटत कागदाच्या कडेपर्यंत गेला.

“काका, काय करताय हे!” येमुल ओरडला.

“दुसरा दाखवा,” मी म्हणालो.

सोलापुरात नवी पेठेतल्या त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून मी एकटाच धोतरातला होतो. येमुल तिशीतला पोरगा, बोलका, पण त्या दिवशी त्याचा धीर सुटत चालला होता. त्याने मला सगळ्यात आधी रंगीत प्रिंटर दाखवला होता. शाई भरायच्या चार बाटल्या, नातवंडांचे फोटो निघतील, खर्च कमी. मी त्याला ‘पाणी’ एवढंच छापायला सांगितलं होतं, आणि आता माझा अंगठा काळा झाला होता. आयुष्यात अंगठा मी पुष्कळदा काळा-निळा केला, पण तो कागदावर उठवायला. कागदावरचं पुसायला पहिल्यांदाच.

“हा लेझर आहे,” येमुल दुसऱ्या खोक्यावर हात ठेवून म्हणाला. “पण यात रंग नाही. नुसता काळा. आणि किंमत जास्त.”

“लेझर म्हणजे डोळ्याच्या ऑपरेशनला लावतात तो?”

“त्याच जातीचा.”

“मग नको. बायकोच्या उशाशी ठेवायचाय. तिच्या डोळ्यात गेला तर?”

येमुल हसला. “काका, त्याचा उजेड आतल्या आतच राहतो. यात ओली शाई नसते. काळी पूड असते. ती कागदावर बसते आणि आत तापवून चिकटवतात. भाकरी शेकल्यासारखी.”

“छापा.”

मशीन घुरघुरलं आणि कागद बाहेर आला. मी हातात घेतला तर खरंच गरम होता. पुन्हा अंगठा ओला केला, घासला. येमुलकडे बघत बघत घासला. ‘पाणी’ जागचं हललं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मल्लिनाथ. माझा मुलगा, पुण्याला कंपनीत.

“अप्पा, नीलाक्का सांगत होती, तुम्ही सोलापूरला गेलाय प्रिंटर घ्यायला? घरात प्रिंटर कुणाला लागतो?”

“तुझ्या आईला.”

तो हळू बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा. “अप्पा, मी रविवारी गाडी घेऊन येतोय. आजारी माणसांना सांभाळतात त्या केंद्रात जागा मिळालीय. दिवसरात्र नर्स असते. तुमच्यानं होत नाही आता. आणि आईला कळत तरी काय, कोण जवळ आहे ते?”

“कळतं.”

“तुम्हाला वाटतं तसं.”

“तू रविवारी ये,” मी म्हणालो. “तिला विचारू. कळत नसंल तर ने.”

हे बोलायचं नव्हतं. पण बोलून गेलो होतो. येमुल पावती करताना म्हणाला, “एक लक्षात ठेवा काका. हा इन्व्हर्टरवर लावायचा नाही. तापताना एकदम लोड ओढतो. इन्व्हर्टर बसेल.” मी मान हलवली. मग त्याने माझ्या फोनमधून मशीनवर शब्द कसा पाठवायचा ते दाखवलं, मी चुकलो की पुन्हा दाखवलं, आणि खोकं स्वतः एसटीत चढवून दिलं.

सुमित्राला श्रावणात झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. गावच्या अंगणवाडीत उभी हयात तिने पोरांकडून गाणी म्हणवून घेतली होती, तिच्या तोंडून आता एकच आवाज निघायचा, तोही कुठल्या अक्षरात न बसणारा. दवाखान्यातल्या फडतरे मॅडम बोलायला शिकवणाऱ्या. त्या मला म्हणाल्या, “आजोबा, शब्द आत आहेत. बाहेर यायची वाट बंद झालीय. तुम्ही आजींपुढे शब्द ठेवा, त्या बोट ठेवतील.”

मी लगेच वही फाडून शब्द लिहिले. पण माझं अक्षर म्हणजे काय! खाणीत दगड फोडायचा ब्रेकर धरून धरून माझे हात कायमचे थरथरतात. शिवाय मी लिहायला शिकलो तोच पन्नाशी उलटल्यावर, तिच्याच पाटीवर. झटक्यानंतर तिला एका बाजूचं नीट दिसत नव्हतं. ती माझे कागद बघायची आणि कपाळाला आठ्या घालायची. मल्लिनाथने ते पाहिलं होतं. “तिला वाचता येत नाही आता,” असं त्याने तेव्हाच ठरवून टाकलं.

मग मॅडमनी दवाखान्यात दोन शब्द जाड ठसठशीत छापून तिच्यापुढे धरले. तिने डावा हात उचलला आणि ‘पाणी’वर ठेवला.

मी गावात येऊन दुकानातून तसलेच शब्द छापून आणले. तिच्या तोंडातून लाळ गळायची, ती डाव्या हाताने पुसायची, आणि तेच ओलं बोट कागदावर ठेवायची. शब्द पसरला. तिने बोटाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कितीतरी दिवस तिने कागदाला हात लावला नाही. पोरांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेणारी बाई. तिच्या बोटाने अक्षर पुसलं गेलं होतं.

प्रिंटर खाटेजवळच्या टेबलावर मांडला. नीलाक्का हळदकुंकू घेऊन आली. ही आमची शेजारीण, अंगणवाडीत सुमित्राची मदतनीस होती. तिला अजून ‘बाई’ म्हणते. तिने मशीनला कुंकू लावलं आणि अक्षता टाकायला मूठ उघडली, तसा मी तिचा हात धरला.

“आत गेल्या तर दळून निघतील.”

“मग वरच्या वर ओवाळते,” ती म्हणाली. “बाई, बघा, तुमच्यासाठी केवढं यंत्र आणलंय अप्पांनी.”

पहिला शब्द निघाला. मी तो सुमित्राच्या हातात दिला. तिने वाचला नाही. आधी गालाला लावला. गरम होता ना. मग खाली धरून पाहिला, आणि ओलं बोट त्यावर फिरवलं. एकदा, दोनदा. शब्द तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. श्रावणापासून तिने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

नंतर नुसता सपाटा लागला. पाणी, चहा, खिडकी, दुखतंय, नको. ‘नको’ सगळ्यात जास्त चालायचा. मी केलेली आमटी पुढे आली की बोट तिथे जायचं. नीलाक्का म्हणायची, “बोलत होत्या तेव्हा एवढी आमटी नाकारली नव्हती.”

पण एक गोष्ट मला खटकत होती. तिला काही सांगायचं असलं की आधी ती सगळे कागद विसकटायची. एकेक बाजूला सारायची, काहीतरी शोधायची. ते सापडलं नाही की ओरडायची आणि सगळे कागद खाटेखाली ढकलून द्यायची. मग तोंड फिरवून पडून राहायची.

काय शोधत होती? मी डोकं चालवत होतो आणि रविवार जवळ येत होता. दूध छापलं. देव छापलं. शेळी, अंगण, अंगणवाडी, लुगडं. नीलाक्का, मल्लिनाथ. ती वाचायची, बाजूला ठेवायची. मल्लिनाथ मात्र उशीखाली ठेवलं. पण शोधणं चालूच. मल्लिनाथने हे असं पाहिलं तर तो काय म्हणेल, ते मला ठाऊक होतं. तिला भ्रम झालाय, असंच म्हणेल.

शनिवारी मला वाटलं, मलाच हाक मारायची असेल. मी कुठं परड्यात असतो, शेळीपाशी असतो. मी फोनवर माझं नाव लिहिलं. सिदराम. कागद गरम गरम तिच्यापुढे ठेवला आणि वाट बघत बसलो.

तिने वाचला. नजर काढून घेतली. डाव्या हाताने चाचपडत पदर ओढला आणि डोक्यावर घेतला.

“थंडी वाजते का?” मी विचारलं आणि तिच्या अंगावर चादर घातली.

रविवारी मल्लिनाथ आला तेव्हा ऊन चढलं होतं. गाडी दारातच उभी. ड्रायव्हर उतरला नाही. मल्लिनाथने आल्या आल्या आईचे पाय धरले, मग तिच्या पाठीखालची हवेची गादी दाबून पाहिली. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून ती गादी त्यानेच पाठवली होती, आणि ती वीज गेल्यावर बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरही त्यानेच बसवून दिला होता. तो वाईट मुलगा नव्हता. हे सांगितलंच पाहिजे. तो घाबरलेला मुलगा होता.

वीज तो यायच्या आधीच गेली होती. पंखा आणि गादी इन्व्हर्टरवर चालू होती.

“बसतो का, चहा टाकू?” मी विचारलं.

“नको अप्पा. आधी ते विचारून घेऊ. ऊन उतरायच्या आत पोचायला हवं.”

मी कागद खाटेवर मांडले. नीलाक्का दारात उभी राहिली.

“सुमित्रा,” मी म्हणालो, “हा कोण आलाय?”

तिने उशीखाली हात घातला आणि ‘मल्लिनाथ’ बाहेर काढला. मल्लिनाथचा चेहरा हलला. तो खाली वाकला.

“आणि ही कोण? दारातली?”

तिने शोधून ‘नीलाक्का’वर बोट ठेवलं.

“बघ,” मी म्हणालो. “बघ, कळतं का न्हाई?”

मल्लिनाथने कागदांवरून नजर फिरवली आणि सगळ्यात शेवटचा कागद उचलून तिच्यापुढे आणला. सिदराम. मग माझ्याकडे बोट केलं.

“आई, हे कोण?”

तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुढे ठेवलेला कागद तिने बोटांनी सावकाश उलटा केला. कोरी बाजू वर.

“आई, नीट बघ. यांना ओळखतेस ना? हेच का?” त्याने कागद सुलटा केला.

तिने पुन्हा उलटा केला. मग कागद शोधायला लागली. हा बाजूला, तो बाजूला. ‘खिडकी’ खाली पडला. ‘देव’ खाली पडला. तिच्या घशातून तो आवाज निघाला आणि तिने सगळ्यांवरून हात फिरवून कागद जमिनीवर लोटले.

“अप्पा,” मल्लिनाथ उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. “मला ओळखलं, शेजारणीला ओळखलं. तुम्हालाच ओळखत नाही ती. रात्रंदिवस जो अंगाला हात लावतो, उचलतो, बसवतो, तो तिला परका वाटतो. तिला किती भीती वाटत असेल, याचा विचार करा.”

एवढे दिवस मी स्वतःला सांगत होतो की ती मला ओळखते. कशावरून सांगत होतो? तिच्या नजरेवरून. नजर काय, आपण वाचू तशी असते.

“मी सामान भरतो,” मल्लिनाथ म्हणाला. दारापर्यंत गेला, आणि काय वाटलं कोण जाणे, परत आला. शेवटचं विचारून बघावं तसं, मोठ्याने, सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखं एकेक अक्षर तोडून विचारलं, “आई! अप्पांचं नाव काय?”

सुमित्राने पदर चाचपला आणि डोक्यावर घेतला.

आणि दारातून नीलाक्का पटकन म्हणाली, “सिदराम!”

“नीलाक्का, तू कशाला सांगतेस?” मल्लिनाथ चिडला. “तिला विचारतोय ना मी!”

“चुकलं बाबा,” नीलाक्का तोंडावर हात ठेवून म्हणाली. “सवय पडलीया. रेशनचं कार्ड काढताना, मतदानाला, कुणीबी नाव विचारलं की बाई पदर घ्यायच्या आणि मी मागनं सांगायची. बाई कशा सांगतील?”

मी खाटेची कड धरली.

ती मला पाटीवर शिकवायला बसली होती तेव्हा तिने स शिकवला, द शिकवला, र आणि म शिकवला. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे. मग पाटी माझ्या हातात देऊन म्हणाली, “आता जोडा तुमचं तुम्ही.” मी ती जोडून माझं नाव वाचलं तेव्हा ती चुलीपाशी तोंड लपवून हसत बसली होती. संसार सगळा झाला, पोर झालं, शहाणं झालं, आणि माझं नाव तिने एकदाही घेतलं नाही. तोंडाने नाही, तसं बोटानेही कसं घेईल? ज्याने आयुष्यभर हे पाहिलं त्या मला ते कळलं नाही, आणि मी तिच्यापुढे तो कागद ठेवून तिची परीक्षा घेत होतो. पोराच्या, शेजारणीच्या देखत.

“थांब,” मी म्हणालो. “एक शब्द राहिलाय.”

“अप्पा, पुरे आता.”

“एकच!”

फोन काढला. बोट थरथरून भलतीच अक्षरं उमटायला लागली. पुसली. पुन्हा लिहिलं. मग प्रिंटरची वायर भिंतीतून काढली आणि इन्व्हर्टरच्या बोर्डाकडे नेली.

“अप्पा, त्यावर नका लावू! गादी बंद पडेल!”

“पडू दे.”

“तिच्या पाठीला…”

“मल्लिनाथ, मला एक कागद काढू दे. मग तू म्हणशील ते कर. मी गाडीत तिच्या उशाशी बसून तिला पोचवून येईन.”

तो थांबला. मी बटण दाबलं. प्रिंटर घुरघुरला. वरचा पंखा मंदावला. इन्व्हर्टर किंचाळायला लागला, आधी थांबून थांबून, मग सलग. मशीनच्या आत काहीतरी तापत होतं, मला त्याचा वास येत होता, पण कागद येत नव्हता. गादीचा पंप खरखरला. नीलाक्का देवाचं नाव घेत होती. मी मशीनवर दोन्ही हात ठेवून उभा होतो, खाणीत ब्रेकर धरायचो तसा.

कागद सरकला. अर्धा आला, थबकल्यासारखा झाला, आणि पूर्ण बाहेर पडला. त्याच्या मागोमाग सगळं एकदम बंद झालं. पंखा, गादी, किंचाळणं. इतकी शांतता झाली की गाडीतल्या ड्रायव्हरने उतरून दारातून डोकं आत घालून पाहिलं.

मी कागद तिच्या मांडीवर ठेवला.

अहो.

तिने वाचला. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग डावा हात उचलला आणि कागदावर बोट ठेवलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुन्हा बोट आपटलं. त्याच शब्दावर. टक्.

“काय गं?” माझ्या तोंडून निघालं. तिने हाक मारली की मी हेच म्हणत आलो होतो.

ती खाटेखाली वाकायला बघू लागली. मल्लिनाथला कळलं. त्याने गुडघ्यावर बसून विखुरलेले कागद गोळा केले आणि तिच्यापुढे पसरले. तिने ते विसकटले नाहीत. शोधून एक घेतला आणि ‘अहो’च्या शेजारी ठेवला. मल्लिनाथ. मग आणखी शोधत राहिली. ‘नको’ बाजूला. ‘दूध’ बाजूला. ‘पाणी’ हातात घेऊन खाली ठेवला. शेवटी सापडला तो तिने त्या दोघांच्या पुढे ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

चहा.

तिने पहिल्या कागदावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. अहो, मल्लिनाथ, चहा. मी नुसता बघत उभा राहिलो म्हणून तिने ते परत केलं, या खेपेला जरा जोरात. पुण्याहून पोर आलंय, इतका वेळ झाला, आणि या माणसाने अजून चुलीवर आधण ठेवलं नाही.

“टाकतो, टाकतो,” मी म्हणालो.

मल्लिनाथ जमिनीवरच बसून राहिला. त्याने आईच्या पायावर डोकं ठेवलं. तिने डावा हात त्याच्या केसांत घातला, आणि दुसरीकडे माझ्याकडे डोळे वटारले. नीलाक्का पदराने डोळे पुसत पुसत म्हणाली, “बाईंना आवाज नसला तरी धाक तोच हाय.”

मी स्वयंपाकघरात गेलो. साखर भांड्यापेक्षा ओट्यावर जास्त पडली. चहा घेऊन आलो तेव्हा मल्लिनाथ दारात ड्रायव्हरशी बोलत होता. ड्रायव्हरलाही चहा दिला. तो चहा पिऊन रिकामी गाडी घेऊन गेला. मल्लिनाथ चार दिवस राहिला. वीज आल्यावर येमुलला फोन करून त्यानेच इन्व्हर्टर दुरुस्त करायला माणूस बोलावला आणि माझ्या वाटणीच्या शिव्या खाल्ल्या.

सुमित्रा त्यानंतर पुष्कळ जगली. बोलणं आलं नाही. पण ते विसकटणं थांबलं. ‘अहो’ आधी ठेवायची, पुढचे शब्द त्याच्यामागे लावायची. बोलत होती तेव्हाही कुठलंही वाक्य तिने त्याशिवाय सुरू केलं नव्हतं. मी तिला जगातल्या सगळ्या वस्तू छापून दिल्या होत्या, फक्त बोलायला सुरुवात करायची जागा दिली नव्हती.

तो कागद हाताळून हाताळून कडेने झिजला. मी नवा काढून द्यायला निघालो की ती ‘नको’वर बोट ठेवायची. कडा गेल्या, घड्या पडल्या, कितीदा ओलं बोट लागलं. अक्षर पुसलं नाही.

खाणीच्या आवाजात माझे कान अर्धे गेलेले आहेत. पण परड्यात शेळीपाशी असलो तरी खाटेवरून कागदावर बोट आपटल्याचा आवाज मला ऐकू यायचा. टक्.

“आलो,” मी म्हणायचो, आणि हातातलं तिथंच टाकायचो.